सात नंबरच्या बाटल्या

आमच्या केंद्रात त्यांना समोर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे बाटलीताई. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एका नव्या शिपायाच्या तोंडून चुकून समोरच निघून गेलं. तो घाबरला. ताई म्हणाल्या, "अरे, नाव बरोबरच आहे. फक्त रिकामी म्हणू नकोस."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. समुद्रविज्ञान केंद्राच्या आस्थापना विभागात एकतीस वर्षं काढली, पण समुद्रात घोट्याच्या वर पाय भिजवला नाही. रजा, बढत्या, सेवापुस्तकं, बैठकांची इतिवृत्तं एवढंच माझं जग. तरीही ताईंनी एका माणसावर सूड कसा उगवला ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. त्यात माझाही थोडा हात होता. दोन महिन्यांनी निवृत्त होण्यापूर्वी ते क्रमाने लिहून काढतो आहे.

ताईंचे वडील शिंपी. घरात समुद्राचा काही संबंध नाही. अकरावीत असताना शाळेची सहल बंदरावर गेली होती. तिथे एका लाँचवर एक माणूस तारेला बांधलेली धातूची बाटली पाण्यात सोडत होता. बाटली दोन्ही तोंडांनी उघडी. ती खोल गेल्यावर त्याने तारेवरून एक वजन सोडलं. ते घसरत खाली गेलं आणि टक् करून बाटली तिथल्या तिथे बंद झाली. वर आली ती नेमक्या त्या खोलीचं पाणी घेऊन. बाकीच्या मुली फोटो काढत होत्या. ताई तिथेच उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या माणसाला अकरा प्रश्न विचारले. किती विचारले ते त्यांच्या लक्षात होतं, कारण बाराव्याला तो चिडला.

घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं की मी समुद्राचं शास्त्र शिकणार.

"म्हणजे करणार काय?" वडिलांनी विचारलं.

"मोजायचं. किती खारट, किती गार, किती खोल."

"समुद्राचं माप घेणार! आणि मग शिवणार काय त्याला?"

"आधी माप तर घेऊ दे, बाबा."

त्या शिकल्या. वर्गात पहिल्या नाही आल्या, पण प्रयोगात त्यांचा हात कोणी धरू शकलं नाही. आमच्या केंद्रात कनिष्ठ संशोधन सहायक म्हणून लागल्या आणि पहिल्याच फेरीत कळलं की त्यांना लाँच लागते. साधी मळमळ नव्हे. जेटी सुटली की पोटातलं सगळं बाहेर. लाँच चालवणारे काका पहिल्या दिवशी म्हणाले, "पोरी, तू ग्रंथालयात बदली माग." ताईंनी तोंड पुसलं आणि विचारलं, "काका, पुढचं ठिकाण किती मिनिटांवर आहे?" सव्वीस वर्षं हेच चाललं. ओकायचं, तोंड पुसायचं, बाटली भरायची.

आता मूळ प्रकरण. खाडीच्या मुखाशी नऊ ठिकाणं ठरवून तिथलं पाणी चौदा महिने तपासायचं, असं काम ताईंना मिळालं. दर महिन्याला दोन फेऱ्या. पाणी काचेच्या बाटलीत भरताना आधी त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग भरायची, मग रबराची चकती घालून झाकण घट्ट करायचं. चकती नीट बसली नाही तर पाणी हळूहळू उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं. मग बाटलीतलं पाणी समुद्रातल्या पाण्यापेक्षा खारट निघतं. हे मला ताईंनीच शिकवलं.

पुराच्या दिवसांतल्या दोन फेऱ्यांना हेच झालं. चकत्यांचा नवा गठ्ठा आला होता, तो कडक आणि वातड निघाला. शेवटच्या पेटीला त्याच चकत्या वापराव्या लागल्या. त्या पेटीत सात नंबरच्या ठिकाणाचं तळाचं पाणी होतं. त्यात क्षारता मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. पेटी पाच आठवडे ओव्हनच्या खोलीशेजारी पडून राहिली. ताईंनी लाँचवरच्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं: "सात, तळ, दोन्ही फेऱ्या. चकत्या खराब. पाणी उडालेलं. वापरू नये."

त्यांनी सगळ्या आकड्यांचा तक्ता टंकलिखित केला. खराब आकडे शेवटच्या वाचनात खोडायचे होते. त्याआधीच विभागप्रमुखांनी तक्ता मागून घेतला. आम्ही त्यांना सर म्हणायचो. उंच, गोरे, बोलणं गोड, बूट कायम चकाचक. "जरा चाळून देतो," म्हणाले.

आठ महिन्यांनी तो तक्ता एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. लेखक एकटे सर. शेवटी आभार होते: "प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे."

ताई निबंध हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा मी सह्या घ्यायला तिथेच उभा होतो. सरांनी मला बाहेर जायलाही सांगितलं नाही. माझ्यासारख्यांचं असणं-नसणं त्यांना सारखंच.

"सर, हे माझं काम आहे."

"बसा ना. पाणी समुद्राचं, बाटल्या केंद्राच्या, लाँच केंद्राची. तुमचं नेमकं काय होतं त्यात?"

"हात होते, सर."

"हातांना पगार मिळतो," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "हं, कुठे सही?"

त्याच वर्षी ताईंची बढती अडली. गोपनीय अहवालात सरांनी एकच वाक्य लिहिलं होतं: "स्वतंत्र विचाराची क्षमता मर्यादित." अहवाल माझ्या कपाटात होता. ताईंनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण डबा खाताना त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाईट आहे ना, भाऊ? राहू दे."

चार-पाच दिवसांनी त्या डबा खायला आल्या त्या हसतच. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"भाऊ, काल निबंध दुसऱ्यांदा वाचला. पहिल्यांदा रागाने डोळे फुटले होते, काही दिसलंच नाही. त्यांनी माझं सगळं चोरलंय. कचरासुद्धा."

"म्हणजे?"

"सात नंबर. खराब बाटल्या. तेच आकडे धरून बसलेत. म्हणतात, सगळीकडे नदीचं गोडं पाणी भरलं तरी सात नंबरच्या तळाशी खारं पाणी टिकून राहतं. त्याला नाव दिलंय, 'खारा कप्पा'. अहो, कप्पा कसला, माझी फुटकी चकती आहे ती!"

"मग कळवा ना त्या नियतकालिकाला."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "आत्ता कळवलं तर चार ओळींची दुरुस्ती छापून येईल. ते म्हणतील, सहायकाची चूक. नाही भाऊ. चढू दे त्यांना. जितके मजले चढवायचे तितके चढवू दे."

तो हिशेब मला पटला, हे मी लपवत नाही. "हातांना पगार मिळतो" हे वाक्य मीही ऐकलं होतं.

मजले चढले. खाऱ्या कप्प्यावर दुसरा निबंध झाला, तिसरा झाला. बाहेरच्या काही लोकांना कप्पा सापडला नाही, तेव्हा सरांनी लिहिलं की कप्पा येतो आणि जातो. म्हणजे न सापडणं हाही पुरावाच झाला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आकृती आली. सर केंद्राचे संचालक झाले. ताई मात्र दर पुरात सात नंबरवर जाऊन, नव्या चकत्या लावून, तळाचं पाणी आणत राहिल्या आणि आकडे आपल्या वहीत लिहीत राहिल्या. मोठा पूर आला की सात नंबरचा तळही इतरांसारखाच गोडा पडायचा. दरवर्षी त्या माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगत, "नाही सापडला हं अजून."

जुनं दप्तर नष्ट करण्याची यादी दर दहा वर्षांनी माझ्याकडे येते. तिच्यात लाँचवरच्या सगळ्या वह्या होत्या. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, एकशे चौदा क्रमांकाची वही." मी तिच्यापुढे "मूळ नोंद, कायम जतन" असं लिहिलं आणि ती माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. नियमात बसत होतं. बसत नसतं तरी ठेवली असती.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. सातव्या की आठव्या वर्षी दुसऱ्या संस्थेतली एक विद्यार्थिनी कप्प्यावर प्रबंध करायला आली. दोन वर्षं ती ताईंबरोबर लाँचवर जायची. आपल्यालाच कप्पा सापडत नाही म्हणून एकदा जेटीवर बसून रडली. शेवटी विषय सोडला, शिक्षणही सोडलं. एका शब्दात तिची सुटका झाली असती. तो शब्द ताईंनी उच्चारला नाही आणि मीही नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा ताई म्हणाल्या, "माहीत आहे मला. माझ्या नावावर मांडा ते. पण अजून वेळ आली नाही."

वेळ त्यांनी ठरवली होती. सर निवृत्त होताना मोठ्या सभागृहात व्याख्यान होणार होतं, देशोदेशीचे पाहुणे येणार होते. त्या दिवशी प्रश्नोत्तरांत ताई उभ्या राहणार होत्या. भाषण पाठ होतं त्यांना. मला दोनदा म्हणून दाखवलं होतं.

पण व्याख्यानाला चार महिने असताना मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा प्रस्ताव आला. कालवांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं बियाणं वाढवायचं होतं. त्याला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात ते मरतं. सरांनी जागा सुचवली ती सात नंबर. खारा कप्पा आहे, पुरातही धोका नाही. चाळीस कुटुंबं त्यात उतरणार होती. जागा ठरवणाऱ्या समितीची बैठक चार दिवसांवर होती आणि बियाणं महिन्याभरात टाकायचं होतं.

ताई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. कितीतरी वेळ पेपरवेट फिरवत राहिल्या.

"बारा वर्षं थांबले मी त्या सभागृहासाठी. आणि आता नऊ माणसांच्या खोलीत बोलू? पंखा आवाज करतो त्या?"

"थांबलात तर बियाणं मरेल."

"कळतं हो मला!" त्या खेकसल्या. मग म्हणाल्या, "याचाही राग त्यांच्यावरच काढणार मी. माझं सभागृहसुद्धा घालवलं त्यांनी."

समितीच्या अध्यक्ष बाहेरून आलेल्या एक वयस्कर रसायनशास्त्रज्ञ होत्या. बोलायला कमी, चष्म्यावरून बघायची सवय. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. ताईंना नकाशे दाखवायला बोलावलं होतं. सरांचं सांगून झाल्यावर ताईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "सर, एक शंका. पहिल्या निबंधातल्या सात नंबरच्या बाटल्या कोणी भरल्या होत्या?"

सरांनी वर पंख्याकडे पाहिलं. सरांच्या लक्षात आलं असावं. ताईंनी भरल्या म्हणावं, तर निबंधावर त्यांचं नाव का नाही? सरांनी तो रस्ता टाळला.

"मीच भरल्या. माझं संशोधन आहे ते. प्रत्येक बाटली माझ्या हातची."

ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग काम सोपं झालं," ताई अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "या आठवड्यात नदीला पूर आहे. त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने पाणी घेऊन बघू. उद्या सकाळी लाँच आहे. सरांनीच बाटली भरावी, म्हणजे तुलना तंतोतंत होईल."

सर म्हणाले, त्याची काय गरज आहे. अध्यक्षबाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "का? तुम्हाला तर सवय आहे."

एकतीस वर्षांत लाँचवर चढण्याची माझी ती पहिली वेळ. ताईंनी वही घेऊन यायला सांगितलं होतं. काकांनी सरांना हात देऊन आत घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "या सर, या! लाँचच्या उद्घाटनाला आला होता त्यानंतर आजच. तेव्हाही फीत कापून जेटीवरूनच परत गेला होता." अध्यक्षबाईंनी ते ऐकलं. काकांनी त्यासाठीच म्हटलं होतं.

मुखाशी पाणी गढूळ, लाटा आडव्या. ताई नेहमीप्रमाणे कडेला जाऊन ओकून आल्या, तोंड पुसलं आणि तार तयार केली. सरांचा चेहरा पांढराफटक. बूट ओले झालेले.

"सर, बाटली," ताई म्हणाल्या.

सरांनी धातूची बाटली हातात घेतली. ती खाली सोडण्यापूर्वी उघडायची असते. त्यांनी ती बंदच सोडली. ताईंनी ती तशीच जाऊ दिली. वजन सोडायचं असतं हेही काकांनी हातात आणून दिलं तेव्हा त्यांना कळलं. बाटली वर आली ती रिकामी.

"पुन्हा करू," ताई म्हणाल्या. आवाज इतका गोड की माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या वेळी ताईंनी बाटली उघडून दिली, तेव्हा पाणी आलं. सरांनी काचेची बाटली घेतली आणि न विसळता सरळ भरली, गळ्यापर्यंत.

"विसळत नाही तुम्ही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सरांना उत्तर द्यायचं होतं, पण पोटाने आधी उत्तर दिलं. ते जवळच्या बादलीवर वाकले. ताईंनी झटकन बादली ओढून घेतली.

"तिच्यात नको सर. ती नमुन्यांची आहे."

केंद्राचे संचालक गुडघ्यांवर बसून लाँचच्या कडेवरून ओकत होते. ताई त्यांच्या डोक्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "झालं की तोंड पुसा आणि भरा. अजून आठ ठिकाणं आहेत, सर. मी चौदा महिने केलं हे."

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी पिशवीतून वही काढून अध्यक्षबाईंच्या हातात दिली. पेन्सिलीचं लिखाण बारा वर्षांत जरा पुसट झालं होतं, पण "वापरू नये" स्पष्ट वाचता येत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ताईंनी स्वतः बाटली सोडून तळाचं पाणी आणलं आणि ते बरोबर आणलेल्या छोट्या यंत्रावर तपासलं. सात नंबरचा तळ वरच्या पाण्याइतकाच गोडा होता. अध्यक्षबाई काकांना म्हणाल्या, "लाँच वळवा. आठ ठिकाणांची गरज नाही."

बियाणं नदीच्या पाण्यापासून दूर, किनाऱ्यालगतच्या एका दगडी कुशीत टाकायचं ठरलं. चौकशी बसली. नियतकालिकाने कळवलं की निबंध मागे घेतला जाईल, मात्र निवेदनावर सरांबरोबर मूळ आकडे गोळा करणाऱ्या व्यक्तीची सही हवी. व्याख्यान रद्द झालं.

निवेदनाचा मसुदा घेऊन सर स्वतः ताईंच्या टेबलापाशी आले. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही तिघंच. बूट तसेच चकाचक, पण खांदे उतरलेले. त्यांनी कागद पुढे ठेवला. त्यात होतं: "अनवधानाने सहकाऱ्याचे सदोष आकडे वापरले गेल्यामुळे..."

ताईंनी शांतपणे वाचलं. पेन उचललं आणि "अनवधानाने" खोडलं. "वापरले गेल्यामुळे" खोडून वर लिहिलं, "परवानगीवाचून वापरल्यामुळे." "आकडे" च्या पुढे लिहिलं, "तशी नोंद मूळ वहीत असूनही."

"बाई," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ताईंना पहिल्यांदाच नुसतं बाई म्हटलं. "मी दोन महिन्यांत घरी बसतोय. नातवंडं वाचतील हे. तो एक शब्द राहू द्या. चूक झाली एवढंच दिसेल."

"चूक माझी झाली होती, सर. चकत्यांची. ती मी कळली त्याच दिवशी लिहून ठेवली." ताईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "तुमची चूक नव्हती. तुम्ही करा सही, मग मी करते."

सर उभेच राहिले. माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलेन. मी माझं पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी सही केली. ताईंनी खाली आपली केली, पूर्ण नाव आणि पदवी लिहून, तारीख घालून. सर गेल्यावर त्यांनी कागद उजेडात धरला, शाई वाळली की नाही ते पाहिलं आणि माझ्याकडे दिला. "भाऊ, याच्या चार प्रती. एक त्या मुलीच्या पत्त्यावर पाठवा. प्रबंध सोडून गेली होती ती. पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

होता. मी त्याच दिवशी पाठवली. उत्तर आलं नाही. ताईंनी तीन-चार वेळा विचारलं, मग विचारायचं बंद केलं.